गदा की सोटा? थिओडोर रूझवेल्ट यांची जुनी व्यंगचित्रं कशी वाचावीत, कशी मांडावीत

नववीच्या वर्गात मी १९०४ सालचं एक अमेरिकन व्यंगचित्र फळ्याशेजारी लावलं. एक अवाढव्य माणूस समुद्रातून चालतोय. पाणी त्याच्या गुडघ्यालाही धड पोचत नाही. खांद्यावर भलामोठा सोटा, आणि मागे दोरीला बांधलेल्या खेळण्यांसारख्या युद्धनौका. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बाई, ह्यानं गदा मारली की!"

वर्ग हसला नाही. सगळ्यांनाच ते पटलं होतं. कोल्हापूरच्या पोरानं खांद्यावर गदा घेतलेला माणूस कुठं पाहिलेला असतो? मैदान मारून निघालेल्या मिरवणुकीत. अंगावर लाल माती, गळ्यात हार, खांद्यावर चांदीची गदा. आपल्या डोळ्याला हे जिंकलेल्या माणसाचं चित्र वाटतं. न्यूयॉर्क हेरल्डसाठी ते काढणाऱ्या विल्यम ॲलन रॉजर्स यांनी मात्र धमकी काढली होती. तो सोटा दुसऱ्याच्या अंगणात घेऊन जायचा आहे.

त्या दिवशी मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि तासभर आम्ही 'गदा की सोटा' एवढंच बोललो. तेव्हापासून जुनी राजकीय व्यंगचित्रं वाचायची एक रीत बसत गेली. ती इथं पायरीपायरीनं लिहिते आहे. शिक्षकांना, वाचनालयात छोटं प्रदर्शन मांडणाऱ्यांना आणि घरी बसून एकट्यानं चित्रं बघणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. उदाहरणं मुद्दाम एकाच नेत्याची घेतली आहेत. माणूस तोच राहिला की चित्रकारांमधला फरक उघडा पडतो.

आधी माणूस कोण, ते पक्कं करा

आपल्याकडे नुसतं 'रूझवेल्ट' म्हटलं की दुसऱ्या महायुद्धातले फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतात. हे ते नव्हेत. थिओडोर रूझवेल्ट यांचा जन्म १८५८चा. १८९५ ते १८९७ ते न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते, १८९८ला क्यूबात घोडदळाच्या स्वयंसेवकांबरोबर लढले. अध्यक्ष मॅकिन्ले यांची हत्या झाल्यावर १४ सप्टेंबर १९०१ रोजी, वयाच्या ४२व्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ४ मार्च १९०९पर्यंत राहिले. मुष्टियुद्ध, ज्यूदो, शिकार, घोडेस्वारी, पुस्तकं, भाषणं: या माणसाला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कोल्हापूरच्या तालमीत ते नक्की रमले असते.

चित्रकारांना आणखी काय हवं? नाकावर चिमटा लावून बसवलेला चष्मा, जाड मिशा आणि सगळेच्या सगळे दिसणारे दात. एवढ्या तीन गोष्टी काढल्या की चेहरा नाही काढला तरी चालायचं. वर्गात हे करून बघा. कागदावर फक्त चष्मा, मिशी आणि दातांची रांग काढा, बाकी जागा कोरी सोडा. चार चित्रं पाहिलेलं मूल पाचव्या वेळी ओळखतंच. अर्कचित्र म्हणजे काय, हे सांगायला व्याख्या लागत नाही.

पायरी पहिली: एकच चित्र निवडा आणि त्याची चांगली फाईल मिळवा

पंधरा चित्रं एकदम दाखवायचा मोह होतो. एका तासाला एकच चित्र घ्या, फार तर शेवटी जोडीला दुसरं.

चित्रं फुकट मिळतात आणि उत्तम मिळतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर 'पक' या अमेरिकन विनोदी साप्ताहिकाचे रंगीत अंक मोठ्या आकारात आहेत. व्यंगचित्रकार क्लिफर्ड बेरीमन यांची सुमारे २,४०० मूळ शाईचित्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत. नॉर्थ डकोटातल्या डिकिन्सन स्टेट युनिव्हर्सिटीच्या थिओडोर रूझवेल्ट सेंटरनं वेगळा डिजिटल संग्रह केला आहे. शोधताना चित्रकाराचं आडनाव आणि साल इंग्रजी अक्षरांत घाला. नुसतं रूझवेल्ट घातलंत तर हजारो फोटोंत बुडून जाल.

फाईल घेताना छोटी जेपेग घेऊ नका, टिफ असेल तर ती घ्या. ए-थ्री कागदावर ३०० डीपीआयनं छापायला साधारण ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. एवढे पिक्सेल नसतील तर ए-फोरवर समाधान माना. फोनवर आलेलं चित्र पुढे छापायला देऊ नका. त्यात चिठ्ठ्यांवरची, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर लिहिलेल्या नावांची, बारीक अक्षरं मेलेली असतात आणि अर्धं चित्र त्या अक्षरांतच असतं.

छपाईबद्दल एक कळकळीची विनंती: फ्लेक्स नको. आपल्या गावात वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळं फ्लेक्सवर जातं, स्वस्त पडतं, तासात हातात येतं. माझं पहिलं प्रदर्शन मी फ्लेक्सवरच केलं होतं. ट्यूबलाइट लावली आणि सगळ्या चित्रांवर पांढरे पट्टे उमटले. रॉजर्स यांच्या टाकाच्या आडव्यातिडव्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून नुसता राखाडी डाग दिसत होता. तीन चित्रं काढून ठेवावी लागली. तेव्हापासून जाड, चकाकी नसलेल्या कागदावर लेझर प्रिंट घेते. खर्च थोडा जास्त येतो, पण रेषा जिवंत राहते.

हक्कांची काळजी असेल तर दोन गोष्टी पाहा. संग्रहाच्या पानावर हक्कांविषयी काय लिहिलंय ते वाचा. 'पक'च्या चित्रांखाली बहुधा 'नो नोन रिस्ट्रिक्शन्स ऑन पब्लिकेशन', म्हणजे छापण्यावर कुठलंही ज्ञात बंधन नाही, असं असतं. शिवाय भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रॉजर्स १९३१ला गेले, बेरीमन १९४९ला, शेवटच्या चित्राचे चित्रकार 'डिंग' डार्लिंग १९६२ला. म्हणजे इथली सगळी चित्रं निर्धास्त लावता येतात.

पायरी दुसरी: ओळ झाका आणि नुसतं पाहा

चित्राखालची ओळ कागदाच्या पट्टीनं झाका. घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त दिसतं ते लिहायचं. अट एकच: मत लिहायचं नाही. 'तो रागावलाय' चालणार नाही. 'भुवया खाली ओढल्यात, दात आवळलेत' चालेल. 'गर्विष्ठ आहे' नको, 'छाती पुढे, हनुवटी वर' हवं.

पहिली तीन मिनिटं सोपी जातात. मग मुलं म्हणतात, "झालं बाई." तेव्हा थांबू नका. खरं बघणं चौथ्या मिनिटानंतर सुरू होतं. रॉजर्स यांच्या चित्रात किनाऱ्यावरची नावं, बोटींवरची अक्षरं, दोरी कुठं बांधलीय, हे सगळं उशिरा सापडतं.

पायरी तिसरी: चिठ्ठ्या वाचा

शि. द. फडणीसांच्या शब्दाविना हसवणाऱ्या चित्रांवर आणि कोल्हापुरातच १९२७ साली जन्मलेल्या वसंत सरवटे यांच्या रेषेवर वाढलेल्या मराठी डोळ्याला जुनी अमेरिकन चित्रं जड वाटतात. जिकडेतिकडे नावं लिहिलेली. सापाच्या अंगावर नाव, सोट्यावर नाव, बोटीवर नाव. एका सहकारी बाईंनी मला विचारलंही होतं, "एवढं लिहायचं तर चित्र कशाला काढायचं?"

तो काळच तसा होता. साप्ताहिकाचा वाचक सगळ्या सिनेटरांचे चेहरे ओळखत नव्हता, चित्रकाराला खात्री हवी असायची. आपल्याला मात्र त्या चिठ्ठ्या म्हणजे आयती किल्ली. रॉजर्स यांच्या बोटींवर 'शेरीफ', 'डेट कलेक्टर' अशी नावं आहेत. डेट कलेक्टर म्हणजे कर्जवसुली करणारा. आता सोटा खांद्यावर का आहे ते कळायला लागतं. हा माणूस मैदान मारून आलेला नाही, वसुलीला निघालाय. आमच्या वर्गात हे उमगलं तेव्हा गदेवाला मुलगा स्वतःच म्हणाला, "म्हंजे ह्यो सावकाराचा माणूस हाय."

प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, शेजारी मराठी लिहा. चित्रावर मात्र काहीही लिहू नका, पेन्सिलनंसुद्धा नाही.

पायरी चौथी: तारीख बांधा

तारीख नसलेलं व्यंगचित्र म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. चित्राच्या तारखेपासून मागे जा आणि विचारा, गेल्या महिन्याभरात काय घडलं होतं?

इथं छपाईची रीत माहीत असावी लागते. दैनिकातलं काळं-पांढरं चित्र आदल्या दिवशीच्या बातमीवरही निघू शकतं. 'पक' किंवा 'जज'सारख्या साप्ताहिकाचं रंगीत पान शिळाछापानं निघायचं, त्याला जास्त दिवस लागायचे. म्हणून साप्ताहिकाच्या चित्राची बातमी आठवड्या-दोन आठवड्यांआधी शोधावी.

उदाहरण घेऊ. २३ मे १९०६च्या 'पक'मध्ये फ्रँक नॅनकिव्हेल यांचं चित्र आहे: रूझवेल्ट यांचं तोंड असलेलं बाळ दोन सापांशी झोंबतंय. एका सापाला तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांचं डोकं, दुसऱ्याला सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच यांचं. मागे गेलात की सापडतं: त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला स्टँडर्ड ऑईल कंपनी रेल्वेकडून चोरून सवलती घेते, असा सरकारी अहवाल रूझवेल्ट यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, ठेवला होता. आणि दोन साप एकाच चित्रात का? ऑल्ड्रिच यांची मुलगी १९०१ साली रॉकफेलर यांच्या मुलाला दिलेली होती. व्याही-व्याही एकाच पाळण्यात शिरलेत, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं.

मुलांच्या डोक्यात परदेशी सनावळी टिकत नाही. त्यावर आमचा उपाय सोपा आहे. वहीच्या पानावर उभी रेघ मारायची, डावीकडे अमेरिका, उजवीकडे करवीर. डावीकडे नोव्हेंबर १९०२, अस्वलाचं चित्र (ते आठव्या पायरीत येईल). उजवीकडे २६ जुलै १९०२, शाहू महाराजांचा निम्म्या जागा राखून ठेवणारा आदेश. डावीकडे १९०६, तेल कंपनीचे साप. उजवीकडे १९०६, शाहू मिल. डावीकडे जानेवारी १९१९, रूझवेल्ट यांचं निधन. उजवीकडे एप्रिल १९१९, कानपुरात महाराजांना मिळालेली राजर्षी ही पदवी. दोन्हीकडच्या घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, हे स्पष्ट सांगायचं. पण 'आपल्या महाराजांच्या वेळचा माणूस' एवढं कळलं की ते चित्र शंभर-सव्वाशे वर्षं लांबचं राहत नाही.

पायरी पाचवी: त्यांची गोष्ट कुठली, आपली गोष्ट कुठली

बाळ आणि साप पाहिल्यावर आमच्या वर्गात एकमुखानं उत्तर आलं: "कृष्ण आणि कालिया!" मी ते खोडलं नाही, फळ्यावर लिहिलं. मग शेजारी चित्रकाराच्या मनातली गोष्ट लिहिली. ग्रीक वीर हर्क्युलिस पाळण्यात असताना त्याला मारायला दोन साप पाठवले जातात आणि ते बाळ दोघांचे गळे आवळून त्यांना ठार करतं. चित्राच्या नावातच बाळ हर्क्युलिस आहे.

दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवल्या की चर्चा आपोआप पेटते. हर्क्युलिस साप मारतो. कृष्ण कालियाला मारत नाही. त्याच्या फण्यांवर नाचतो, त्याचा माज उतरवतो आणि यमुना सोडून जायला सांगतो. मग पुढं प्रत्यक्षात काय झालं? नोव्हेंबर १९०६मध्ये सरकारनं स्टँडर्ड ऑईलवर खटला भरला. १९११ साली, रूझवेल्ट पदावरून गेल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयानं कंपनी मोडायला लावली आणि तिच्या ३४ कंपन्या झाल्या. रॉकफेलर मेले नाहीत, त्यांची संपत्तीही बुडाली नाही. रूझवेल्ट यांचं म्हणणंही सगळे ट्रस्ट, म्हणजे बाजार मुठीत ठेवणारे बड्या कंपन्यांचे गट, मोडा असं नव्हतं, वाईट ट्रस्टना वठणीवर आणा असं होतं. म्हणजे चित्रकारानं हर्क्युलिस काढला, पण घडलं ते कालियामर्दनाच्या जवळचं. चुकीच्या वाटणाऱ्या उत्तरानंच आम्हाला हे दाखवलं.

त्यामुळं नियम असा धरा: आपली गोष्ट आठवली तर पुसू नका, पण चित्रकाराच्या गोष्टीच्या जागी बसवूही नका. दोन्ही लिहा आणि कुठं फाटतं ते शोधा.

पायरी सहावी: छापणारा कोण?

'पक'चा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे, 'जज'चा रिपब्लिकन पक्षाकडे. रूझवेल्ट रिपब्लिकन. एवढं ठाऊक असावं, पण त्यावर विसंबून राहू नये. वरचं बाळ हर्क्युलिसचं चित्र 'पक'मधलंच आहे आणि ते कौतुकाचं आहे. छापणारा बघायचा तो अंदाज बांधण्यासाठी. निकाल चित्रच देतं.

पायरी सातवी: तोच सोटा, दोन हात

सगळ्यात जास्त वेळ मी इथं देते.

सोटा आला कुठून? २ सप्टेंबर १९०१ला, अध्यक्ष होण्याच्या बारा दिवस आधी, रूझवेल्ट मिनेसोटाच्या राज्य जत्रेत बोलले. त्यांनी एक म्हण सांगितली: बोलणं मऊ ठेवा, हातात मोठा सोटा असू द्या, लांब जाल. चित्रकारांनी मऊ बोलणं सोडून दिलं आणि सोटा उचलला. पुढची अनेक वर्षं तो त्यांच्या हातातून सुटला नाही.

आता दोन प्रिंट शेजारीशेजारी लावा. एक रॉजर्स यांचं कॅरिबियन समुद्रातलं. दुसरं लुई डॅलरिम्पल यांचं, १४ जानेवारी १९०५च्या 'जज'मधलं, नाव 'जगाचा कॉन्स्टेबल'. या दुसऱ्यात रूझवेल्ट पोलिसाच्या गणवेशात मधोमध उभे आहेत, दोन्ही बाजूंना देशोदेशींची माणसं आणि हातातल्या दंडुक्यावर लिहिलंय 'नवी मुत्सद्देगिरी'. पोलिसाचा पोशाख हवेतून आलेला नाही, न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे ते खरोखर अध्यक्ष होते. प्रसंगही दोन्हीकडे एकाच धोरणाचा. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी कर्जं थकवली, गोंधळ घातला तर युरोपनं यायचं नाही, आम्ही बघून घेऊ, असं रूझवेल्ट डिसेंबर १९०४मध्ये काँग्रेसला सांगत होते.

मग मुलांना चार प्रश्न द्या. पायाखाली काय आहे? शेजारची माणसं केवढी? सोटा कोणाच्या दिशेनं? आणि अंगावर काय घातलंय?

डॅलरिम्पल यांच्या चित्रात पाय जमिनीवर आहेत, अंगावर गणवेश आहे, म्हणजे दंडुक्याला कायद्याचा आधार मिळाला. रॉजर्स यांच्याकडे पाय दुसऱ्यांच्या समुद्रात आहेत. माणूस एवढा मोठा की बेटं त्याला पायरीसारखी, आणि माणसं दिसायलाच जागा नाही. तोच सोटा, तेच धोरण. एका कागदावर शिपाई, दुसऱ्यावर वसुलीवाला. उत्साही नेत्याचं चित्र काढताना हा पेच नेहमीच असतो. त्याचा जोर दाखवावा तर तो आवडायला लागतो. म्हणून चित्रकाराची टीका नेत्याच्या चेहऱ्यावर शोधू नका, ती पायाशी आणि शेजारी शोधा. जोराखाली कोण आलंय, ते तिथं दिसतं.

याचा सराव करायला रॉजर्स यांचंच १९०३चं दुसरं चित्र उत्तम. पनामा ३ नोव्हेंबर १९०३ला कोलंबियापासून वेगळा झाला, तीन दिवसांत अमेरिकेनं मान्यता दिली, १८ तारखेला कालव्याचा करार. चित्रात रूझवेल्ट कालवा खणताहेत आणि फावड्यातली माती थेट कोलंबियाच्या राजधानीवर, बोगोटावर फेकताहेत. खणणारा हात कितीही दणकट असो, नजर मातीबरोबर जाते. माती पडते कुठं, हेच चित्राचं म्हणणं.

पायरी आठवी: चित्रात कोण नाही?

ही पायरी मी फार उशिरा शिकले, आणि ती मला अस्वलानं शिकवली.

नोव्हेंबर १९०२मध्ये रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले. दिवस गेले, त्यांना शिकार मिळेना. वाटाड्या होता होल्ट कॉलियर, जन्मानं गुलाम असलेला काळा माणूस, त्या मुलखातला नामांकित शिकारी. त्याच्या कुत्र्यांनी एक अस्वल गाठलं. अस्वलानं कुत्री फाडायला सुरुवात केली, तेव्हा कॉलियरनं त्याला जेरबंद करून झाडाला बांधलं आणि अध्यक्षांना बोलावलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्ट यांनी नकार दिला. मात्र जखमी जनावराचे हाल संपवा असं सांगितलं आणि ते सुरीनं मारलं गेलं.

१६ नोव्हेंबरला वॉशिंग्टन पोस्टच्या पहिल्या पानावर बेरीमन यांचं चित्र आलं, अनेक छोट्या चित्रांच्या समूहातलं एक. रूझवेल्ट पाठ फिरवून, हात वर करून नकार देताहेत. मागे एक माणूस अस्वलाच्या गळ्यातला दोर ओढून धरतोय. खाली ओळ आहे 'ड्रॉइंग द लाइन इन मिसिसिपी', म्हणजे मिसिसिपीत रेषा ओढताना. त्या ओळीतली रेषा म्हणजे शिकाऱ्याची मर्यादा, आणि काहींच्या मते मिसिसिपी-लुइझियाना यांच्या सीमेचा वाद, तर काहींच्या मते काळे-गोरे यांच्यामधली वर्णरेषा. आदल्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९०१ला, काळे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं म्हणून दक्षिणेत रूझवेल्ट यांच्यावर आग पाखडली गेली होती. गळ्यात दोर अडकवलेलं काळं जनावर त्या वाचकांना कशाची आठवण करून देत असेल, याचा विचार केल्यावर मला ते चित्र पूर्वीसारखं पाहता येईना.

आणि दोर धरणारा माणूस? तो गोरा काढलाय. ज्यानं खरोखर अस्वल बांधलं तो होल्ट कॉलियर चित्रात नाहीच.

पुढं बेरीमन यांनी तेच चित्र पुन्हा काढलं तेव्हा अस्वल लहान, गोल, थरथरणारं झालं. लोकांना ते पिल्लू आवडलं आणि नंतर बेरीमन यांच्या कितीतरी चित्रांत कोपऱ्यात बसलेलं दिसू लागलं. ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिक्टम यांनी कापडी अस्वल शिवून 'टेडीचं अस्वल' म्हणून विकलं, आणि जर्मनीत स्टाइफ कंपनीचीही मऊ अस्वलं त्याच सुमारास निघाली. स्वतः रूझवेल्ट यांना 'टेडी' ही हाक आवडत नव्हती. महाद्वार रोडवर आजही ते खेळणं मिळतं.

दोन्ही आवृत्त्या छापून घ्या. मुलांना फक्त अस्वलाचं वय आणि आकार लिहायला सांगा. मग कॉलियरची हकिकत सांगा आणि एक कोरा कागद द्या: तो चित्रात असता तर कुठं उभा असता? एका मुलीनं त्याला दोराच्या जागी काढलं नाही. झाडाखाली बसून तो जखमी कुत्र्याला पाणी पाजतोय, असं काढलं. ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे.

जेवणाच्या प्रसंगावरची दक्षिणेतली विषारी चित्रं मी शाळेत लावत नाही. महाविद्यालयात लावावीत, पण शेजारी ठळक टीप असलीच पाहिजे आणि कोणीतरी माणूस तिथं उभा हवा.

पायरी नववी: मराठी टीप लिहा

शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात दिसतं ते, मग तारीख आणि बातमी, मग छापणारा, शेवटी तुमचं वाचन. मत आधी लिहिलंत की लोक चित्र बघतच नाहीत.

ओळीचं भाषांतर घाईनं करू नका. बेरीमन यांच्या ओळीसाठी कोणीतरी 'लक्ष्मणरेषा' सुचवलं होतं. ऐकायला छान, पण लक्ष्मणरेषा दुसऱ्यानं ओलांडू नये म्हणून आखलेली असते, इथं माणूस स्वतःला अडवतोय. शेवटी आम्ही लिहिलं, 'मिसिसिपीत ओढलेली रेघ'. रेघ हद्दीचीही असते, मर्यादेचीही आणि चित्रकाराच्या टाकाचीही. 'बिग स्टिक'ला 'मोठी काठी' म्हटलं तर आजोबांची काठी डोळ्यांसमोर येते. सोटाच म्हणा.

ऑगस्ट १९०६मध्ये रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० इंग्रजी शब्द सोप्या स्पेलिंगनं छापायचा आदेश दिला आणि चित्रकारांना मेजवानी मिळाली. वर्ष संपायच्या आत काँग्रेसनं तो हाणून पाडला. त्या चित्रांतल्या ओळी मुद्दाम मोडक्या स्पेलिंगच्या असतात. त्यांचं मराठी करताना ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम चुकवा. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई सोसलेल्या मराठी मुलाला तो विनोद एका झटक्यात कळतो.

पायरी दहावी: भिंतीवर क्रम लावा

सात चित्रं पुरेत. मी क्रम लावते तो असा: पनामाचं फावडं, सोटा, कॉन्स्टेबल, अस्वलाच्या दोन आवृत्त्या, बाळ हर्क्युलिस आणि शेवटी डार्लिंग. काळानुसार लावायचा हट्ट नको, तारखा टिपेत असतातच. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा, नववीच्या मुलांच्या डोळ्यांना ते बरं पडतं. टीप चित्राच्या खाली लावू नका, उजवीकडे हातभर अंतरावर लावा, म्हणजे आधी नजर चित्रावर जाते.

शेवटचं चित्र जानेवारी १९१९चं, रूझवेल्ट गेल्यानंतर जे. एन. 'डिंग' डार्लिंग यांनी काढलेलं. घोड्यावर बसलेला गुराखी लांबच्या वाटेनं ढगांकडे निघालाय आणि मागे वळून निरोप देतोय. हातात सोटा नाही, टोपी आहे. या चित्राला मी टीप लावत नाही, फक्त तारीख लावते. मुलं ती टोपी पाहतात आणि बहुतेक जण उलटे फिरून पुन्हा समुद्रातल्या सोट्यापाशी जातात. म्हणून बाकं भिंतीपासून चार फूट तरी लांब ठेवा, आणि हॉलचं एक दार बंद करून एकाच दिशेनं रांग चालवू नका.